एक माणूस कोरडा ठेवा : इंदूरहून महेश्वरच्या घाटावर उन्हाळ्यातला एक दिवस

मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की इंदूरच्या रामबागेपासून सुदामानगरापर्यंत कुठल्याही मराठी घरात एकदा तरी विषय निघतोच, 'महेश्वरला कधी जायचं?' पुण्या-मुंबईकडचे पाहुणे सुटीला आलेले असतात, पोरं घरात कंटाळलेली असतात, कूलरही गरम वारा फेकू लागलेला असतो. आमच्या घरी हा दिवस पिढ्यानपिढ्या ठरलेला आहे. पहाटे निघायचं, सकाळी नर्मदेत मनसोक्त डुंबायचं, दुपार सावलीत काढायची, संध्याकाळी पाय पाण्यात सोडून बसायचं आणि रात्री घरी. यासाठी काय तयारी लागते आणि कुठे जपावं लागतं, ते सगळं इथे लिहितो आहे. ज्यांच्याबरोबर लहान मुलं आहेत आणि ज्यांचं पोहणं आजवर फक्त स्विमिंग पूलमध्ये झालं आहे, त्यांनी जरा सावकाश वाचावं.

दिवस आणि वेळ

रविवार टाळा. अमावास्या, पौर्णिमा, अक्षय्य तृतीया, गंगा दशहरा हे दिवस तर नक्कीच टाळा. स्नानाचं पुण्य हवं असेल तर वेगळी गोष्ट, पण मुलांना पाण्यात खेळवायचं असेल तर गर्दीत ते जमत नाही. पायरीवर पाय ठेवायला जागा नसते आणि आपलं मूल कुठलं हेच दिसत नाही. मंगळवार-बुधवारसारखा मधला वार सगळ्यात चांगला.

इंदूरहून पहाटे पाचला निघा. राऊ, मानपूर, गुजरी, धामनोद आणि तिथून डावीकडे वळून महेश्वर, असा साधारण ९५ किलोमीटरचा रस्ता. महू सोडून जाम दरवाजाकडून मंडलेश्वरला उतरणाराही एक रस्ता आहे आणि सकाळच्या उजेडात तो फार सुंदर दिसतो. पण वळणांचा आहे, गाडी लागणारी मुलं असतील तर धामनोदचाच बरा. सातच्या सुमाराला घाटावर पोचायचं. उशीर झाला तर त्याची किंमत नंतर उन्हात मोजावी लागते.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि महेश्वर जेमतेम दीडशेच्या आसपास. मानपूरचा घाट उतरलो की माळवा संपतो आणि निमाड सुरू होतो, आणि हवा दोन-तीन अंशांनी तापलेली लागते. आपल्याकडच्या संध्याकाळच्या गार वाऱ्याची सवय असलेला माणूस इथे फसतो. इंदुरात ४१ असेल तर महेश्वरात ४३-४४ धरून चला. म्हणून पाण्यातली वेळ सकाळी साडेसात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा, एवढीच. मधल्या वेळेत पाण्यात राहणं गार वाटतं खरं, पण डोकं आणि खांदे उघड्या उन्हात असतात आणि पाण्यावरून परतलेलं ऊनही तोंडावर येतं. त्वचा भाजते ती कळतसुद्धा नाही, रात्री पाठ टेकवताना कळते.

बरोबर काय न्यायचं

आधी दोन वस्तू, ज्या बहुतेक कोणी नेत नाही. एक, आठ-दहा मीटरचा नायलॉनचा जाड दोर. दुसरी, पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन, झाकण घट्ट बसणारा. कॅनच्या मुठीला दोराचं टोक बांधायचं आणि दुसऱ्या टोकाला हात जाईल एवढा फास करून ठेवायचा. घट्ट बंद केलेला रिकामा पाच लिटरचा कॅन माणसाचं डोकं पाण्यावर ठेवायला पुरतो. जुनी माणसं विहिरीत पोरांना पोहायला शिकवताना पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधायची, त्यातलंच हे तत्त्व. कॅनमध्ये वाटीभर पाणी ठेवलं तर तो लांब फेकला जातो; अगदी रिकामा कॅन वाऱ्याने परत येतो. घरी अंगणात किंवा गच्चीवर चार वेळा फेकून बघा. पहिल्या दोन फेकी चुकतातच, त्या घरीच चुकू द्या.

कपड्यांबद्दल. मुलांना भडक केशरी, लाल किंवा पोपटी रंगाचे कपडे घाला. निळा, पांढरा आणि राखाडी रंग पाण्यात मिसळून जातो, हातभर खोलीवरचं मूलसुद्धा दिसेनासं होतं. मोठ्यांसाठी अंगाबरोबर बसणारे, लवकर वाळणारे कपडे हवेत. सुती कपडा भिजला की जड होतो. घाटावर स्नानाला येणाऱ्या बायका साडी नेसूनच उतरतात, पण ज्यांना खरंच पोहायचं आहे त्यांनी साडी, ओढणी, परकर हे पाण्यात नेऊ नये. पायात अडकलेली ओढणी चांगल्या पोहणाऱ्यालाही बुडवते. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज हे घाटाच्या रीतीलाही शोभतं आणि उन्हापासूनही वाचवतं. कपडे बदलताना आडोशाला धरायला एक जुनी मोठी चादर आठवणीने घ्या.

पायात पट्ट्याच्या रबरी चपला हव्यात. सकाळी गार वाटणारे घाटाचे दगड अकरा वाजता तव्यासारखे तापतात आणि अनवाणी मूल रडत पळत सुटतं, तेही भिजलेल्या पायांनी. सनस्क्रीन पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं लावायचं, दर दोन तासांनी आणि अंग पुसल्यावर पुन्हा. कानांच्या पाळ्या, मान आणि पायांची वरची बाजू या जागा हमखास राहतात.

पिण्याचं पाणी माणशी तीन ते चार लिटर. हे जास्त वाटतं, पण परत येताना कधी उरलेलं मी पाहिलेलं नाही. बाटल्यांना ओला सुती पंचा गुंडाळून वाऱ्यात ठेवल्या की पाणी प्यावंसं वाटण्याइतकं गार राहतं. ओआरएसची चार पाकिटं ठेवा. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा आणि सपाट. मीठ अंदाजाने टाकू नका. आजी खिशात कांदा ठेवायला द्यायची, तो मीही ठेवतो, पण काम करतं ते पाणीच.

खायला सकाळसाठी दशम्या, कैरीचं लोणचं, गूळ-शेंगदाणे. पोहे-जिलेबीचा मोह राऊला होतो, हे मान्य. पण पोटभर जिलेबी खाऊन पाण्यात उतरलं की पोरांना मळमळतं. ती परतीच्या वाटेवर ठेवा. दुपारसाठी ताक, पन्हं आणि दहीभात. दहीभात सकाळी कालवायचा तर दूध जास्त आणि दही चमचाभरच घाला, दुपारी नेमका लागतो. कलिंगड मात्र अखंडच न्या आणि घाटावर कापा. उन्हाळ्यात कापून नेलेली फळं पोट बिघडवतात.

घाटावर पोचल्यावर, पाण्यात उतरण्याआधी

अहिल्या घाटावर उभं राहिलं की मागे किल्ल्याची भिंत, झरोके, पायऱ्यांवर शिवलिंगं, समोर नदीच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ. १७६७ मध्ये कारभार हाती घेतल्यावर अहिल्याबाईंनी इथूनच राज्य चालवलं. पलीकडच्या काठावर नावडातोली, जिथे १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी उत्खनन करून ताम्रपाषाण युगातली वस्ती उजेडात आणली. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपासून माणसं या पाण्याच्या काठाला राहताहेत. हे मुलांना सांगा, पण पाण्यात उतरण्याआधी सांगा, नंतर कोणी ऐकत नाही.

पहिलं काम नावाड्याशी बोलणं. घाटाला नावा लागलेल्या असतात. त्यातल्या वयस्कर माणसाला गाठा, 'नर्मदे हर' म्हणा आणि विचारा, "दादा, आज पानी कैसा है? चढेगा क्या? बच्चों को कहाँ उतारें?" हे तीन प्रश्न पुरेत. कुठल्या पायरीपाशी पाणी उथळ आहे, कुठे भोवरा धरतो, मगर कुठे दिसली आहे, हे त्यांना रोजचं माहीत असतं. नर्मदेचं वाहन मगर आहे आणि नर्मदेत मगरी आजही आहेत. म्हणून सुनसान काठ शोधून 'इथे आपण एकटेच' असा आनंद मानू नका. जिथे लोक रोज आंघोळ करतात तिथेच उतरा.

दुसरं काम पाण्याची खूण करणं. महेश्वरच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वरचं धरण आणि ५२० मेगावॉटचं वीजघर आहे, त्याच्याही वर इंदिरा सागर. विजेची मागणी वाढली की टर्बाइन चालू होतात आणि पाणी सुटतं. आभाळात ढग नसताना, रणरणत्या उन्हात नदी चढते, ती यामुळे. २००५ च्या एप्रिलमध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला अमावास्येच्या जत्रेत इंदिरा सागरचं पाणी अचानक आलं आणि पन्नासहून जास्त भाविक वाहून गेले. तेव्हापासून आमच्या घरात हा नियम आहे. पाणी ज्या पायरीला टेकलं आहे तिच्या वरच्या पायरीवर एक दगड ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांनी बघायचं. दगड ओला झाला की सगळे बाहेर. सायरन वाजला, पोलिसांनी किंवा नावाड्यांनी हाक दिली, पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहत येऊ लागला, तरी बाहेर. सामान मागे राहिलं तरी चालेल.

तिसरं काम, पाण्याखालचा घाट समजून घेणं. पायऱ्या पाण्याखालीही जातात आणि वरच्या तीन-चार भिजल्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं. त्यांच्यावरून चालत उतरू नका. बसा आणि बसल्या-बसल्या एकेक पायरी खाली सरका. पाण्याखालची शेवटची पायरी कुठे आहे ते एका पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाने आधी पायाने चाचपून घ्यावं, कारण तिथे पाणी हळूहळू खोल होत नाही, पायाखालचा दगड संपतो आणि थेट तळ जातो. मुलांची हद्द त्या पायरीच्या दोन पायऱ्या अलीकडे. बुरुजाच्या टोकाला जाऊ देऊ नका. काठालगत नदी संथ दिसते, पण बुरुजाला वळसा घालताना तिचा वेग बदलतो आणि पाणी गोल फिरतं. वाळूचे काठ भुरळ घालतात, पण वाळू उपसलेल्या जागी खड्डे असतात, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल डोक्याएवढ्या पाण्यात पडतं.

आणि सहस्रधारा. महेश्वरच्या खालच्या अंगाला नर्मदा काळ्या खडकांतून शेकडो धारांनी फुटते, ती जागा. बघायला जरूर जा. आंघोळीला नाही, पाय बुडवायलाही नाही. २०२३ च्या सुरुवातीला खेलो इंडियाच्या कनू स्लॅलमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यातून छोटी होडी वल्हवत वाट काढण्याच्या, शर्यती तिथे झाल्या. शिरस्त्राण आणि लाइफ जॅकेट घातलेले खेळाडू ज्या पाण्यात कसब पणाला लावतात, तिथे आपण टॉवेल घेऊन उतरायचं नसतं.

कोरडा माणूस

आमच्या घरच्या एका खेपेला आम्ही अकराजण होतो. चुलतबहिणीचा सहा वर्षांचा मुलगा कमरेइतक्या पाण्यात खेळत होता आणि त्याच्याभोवती आम्ही चार मोठी माणसं होतो. मी पोहतो, माझा भाऊ उत्तम पोहतो. वर सावलीत आत्या पन्ह्याच्या कैऱ्या सोलत बसली होती, तिला पाण्याची भीती, ती कधी उतरत नाही. एकदम तिने किंचाळून त्याचं नाव घेतलं. मी वळून पाहिलं तर तो माझ्यापासून दोन हातांवर होता. डोकं मागे टाकलेलं, तोंड पाण्याच्या पातळीवर उघडं, केस कपाळावर, आणि दोन्ही हात पाण्यावर खाली दाबत होता, जसा कोणी न दिसणारी शिडी चढतो आहे. आवाज अजिबात नाही. हाक नाही, पाणी उडवणं नाही. शेवटच्या पायरीवरून त्याचा पाय सुटला होता. भावाने दंडाला धरून ओढलं, तो खोकला, रडला, पंधरा मिनिटांनी कलिंगड मागायला लागला. आम्ही चौघंही त्याच्याकडेच बघतोय असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरवशावर होता.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, ओरडणार कुठून. मूल वीस सेकंदांपासून मिनिटभरात पाण्याखाली जातं.

म्हणून आमच्याकडे एक माणूस कोरडा असतो. तो पाण्यात उतरत नाही, तोंड पाण्याकडे करून बसतो, त्याच्या हाताशी कॅन आणि दोर असतो. त्याने मोबाइल बघायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, गप्पांत मान वळवायची नाही. वीस मिनिटांनी पाळी बदलते, आणि बदलताना मोठ्याने बोलून बदलायची: "वहिनी, आता मी बसतो, तू जा." "बैस, पण आधी मोजून घे." नवा माणूस डोकी मोजतो, आकडा तोंडाने म्हणतो, मगच आधीचा उठतो. आत्या आता हे काम कोणाला देत नाही, पण तिलाही उठवतो, कारण वीस मिनिटांनंतर नजर बधिर होते.

पाण्यातही प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा माणूस, हात पोचेल एवढ्या अंतरावर. ट्रकच्या ट्यूब आणि फुगवायची खेळणी यांच्या भरवशावर मूल सोडू नका. ती प्रवाहात सरकतात आणि उलटतात. चांगल्या प्रतीचं लाइफ जॅकेट असेल तर घाला. सूर मारणं, एकमेकांना दाबून बुडवणं, दम कोंडून कोण जास्त वेळ राहतो याच्या पैजा, यांना पूर्ण बंदी. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्यात जाऊ द्यायचं नाही, तो कितीही मोठा असो, नात्यात मोठा असो.

पूलमध्ये शिकलेल्यांसाठी दोन शब्द. नदीत ओढलं गेलात तर काठाकडे सरळ झुंजू नका. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवा, म्हणजे खडक आला तर पाय लागेल, डोकं नाही. मग तिरपे, वाहत-वाहत काठाकडे सरका. पायात गोळा आला तर पाठीवर तरंगत पायाचा अंगठा धरून नडगीकडे ओढा.

कोणी बुडत असेल तर

पहिलं, उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात. आधी नावाड्यांना हाक द्या. कॅन त्याच्या डोक्यापलीकडे फेका आणि दोर ओढत त्याच्या हाताशी आणा. दोर नसेल तर साडी. साडेपाच मीटर लांब असते आणि माणसाचं वजन सहज पेलते. आपण स्वतः पायरीवर पालथं झोपून ओढायचं, उभं राहून ओढलं तर आपणच आत जातो.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, गोल फिरवणं, यातलं काहीही करू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, अंग पुसा, पांघरूण घाला. श्वास नसेल तर एकाने ११२ किंवा १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने तिथेच सुरुवात करायची. कडक जमिनीवर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या, छाती वर येते का बघा. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी तीस वेळा दाबा, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर खाली जाईल इतकं, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. मग दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यायचंच, आणि पाणी नाकातोंडात जाऊन नंतर धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, तरीही.

दुपार

साडेदहाला सगळे बाहेर, कोरडे, पोटात ताक. मग किल्ल्यात चढा. राजराजेश्वराच्या देवळात अकरा अखंड दिवे तेवतात, राजवाड्यात अहिल्याबाईंची साधी गादी आहे. हातमागाच्या शाळेत जा. १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली रेहवा सोसायटीची मागशाळा किल्ल्याच्या आवारातच आहे. साडीच्या किनारीत विणलेली लहर ही समोरच्या नर्मदेच्या लाटांची, हे मुलींना दाखवा. सकाळी जिच्यात डुंबल्या तीच नदी काठपदरात बघताना त्या हरखून जातात. जेवण एखाद्या भोजनालयात, मिळाले तर दाल-पानिये (पानांत भाजलेले मक्याच्या पिठाचे जाड रोट), नाहीतर बरोबरचा दहीभात. मग दोन तास आडवं होणं. मुलांना बंद गाडीत 'पाच मिनिटं' सुद्धा ठेवू नका. उन्हातल्या गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा अंशांच्या आसपास वाढतं.

डोकं दुखणं, मळमळ, गोळे येणं, खूप घाम, ही लक्षणं दिसली की सावली, ओआरएस, ओला पंचा. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग पेटल्यासारखं गरम झालं, तर तो उष्माघात. तिथेच पाणी ओता, मानेला, काखेत, जांघेत ओले पंचे ठेवा, वारा घाला आणि १०८. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

संध्याकाळ आणि परत

पाचनंतर घाटाचं रूप पालटतं. दगड निवतात, वारा सुटतो, किल्ल्याची सावली पाण्यावर पडते. पाण्याची खूण पुन्हा नव्याने करा, सकाळची चालत नाही. आम्ही संध्याकाळी मुलांना फक्त पायऱ्यांवर बसून आंघोळ घालतो, पोहणं नाही, कारण सगळे थकलेले असतात. नावेने बाणेश्वराला जायचं असेल तर भाडं आधी ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या, नाव गच्च भरली असेल तर पुढची घ्या.

साबण, शाम्पू पाण्यात नको, तो घरी गेल्यावर. दिवा सोडायचा तर पानाच्या द्रोणात, प्लास्टिकच्या वाटीत नाही. कलिंगडाच्या साली, पिशव्या, सगळं आपल्या गोणीत भरून वर आणायचं. आपल्याला दिवसभर गारवा दिलेल्या पाण्यात कचरा टाकायला हात धजूच नये.

अंधार पडायच्या आत गाडीत बसा, म्हणजे मानपूरचा घाट ट्रकांच्या रांगा लागण्याआधी चढून होतो. गाडी सुरू करण्याआधी कोरडा माणूस शेवटचं डोकी मोजतो. घरी पोचलं की मुलांचे कान कोरड्या पंचाने पुसायचे आणि दोर गच्चीवर पसरून वाळवायचा. ओला गुंडाळून ठेवला तर पुढच्या खेपेला त्याची गाठ सुटत नाही.